हॅनोव्हरच्या राज्याचा इतिहास मराठीत कसा लावायचा? मदत हवी आहे

वाचनकोपरा

गेल्या महिन्यात मराठी विकिपीडियासाठी फ्रान्झ कीलहॉर्न यांच्यावर लेख लिहायला घेतला. पुण्यात संस्कृत शिकलेल्यांना हे नाव नवं नाही. १८६६ ते १८८१ अशी पंधरा वर्षं ते डेक्कन कॉलेजात होते, आणि पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती आजही अभ्यासकांच्या हाताशी असते. लेख भराभर झाला. अडलो ते माहितीचौकटीत. जन्म ३१ मे १८४०, ओस्नाब्रुक. पुढचा रकाना देशाचा. तिथे 'जर्मनी' लिहून मी मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी चर्चापानावर कुणीतरी एकच ओळ लिहून ठेवली होती: "१८४० मध्ये कुठली जर्मनी?"

प्रश्न रास्त होता. तेव्हा जर्मनी नावाचं राष्ट्रच नव्हतं. ओस्नाब्रुक हॅनोव्हरच्या राज्यात होतं. त्या राज्याला स्वतःचा राजा होता, फौज होती, पिवळा-पांढरा झेंडा होता. आणि कीलहॉर्न ज्या साली पुण्याला आले, त्याच १८६६ साली प्रशिया या मोठ्या जर्मन राज्याने ते घशात घातलं. माणूस इथे मुलांना व्याकरण शिकवतोय आणि तिकडे त्याचा देश नकाशावरून गेला. पुढे ते गटिंगेनला परतले, ज्या विद्यापीठात स्वतः शिकले होते तिथेच प्राध्यापक झाले, पण आता ते विद्यापीठ प्रशियाच्या अमलाखाली होतं. माझ्या एका रकान्यात हे सगळं दडलेलं होतं.

तेव्हापासून जमेल तसं वाचतो आहे. मराठी विकिपीडियावर या राज्याचा एक धड संच उभा करावा असं मनात आहे: मुख्य लेख, राजे, लढाया, विद्यापीठ, माणसं, त्यांचे वर्ग आणि साचे. एकट्याचं हे काम नाही. पहिली अडचण अशी की 'हॅनोव्हर' म्हटलं की शहर, राजघराणं, राज्य आणि प्रांत हे सगळं एकाच शब्दात येतं. किती लेख करायचे आणि एकाची हद्द संपून दुसऱ्याची कुठे सुरू करायची?

नवी पाटी

मी इथे नवीन आहे, चुकलं तर सांगा. 'हॅनोव्हरचा इतिहास' असा एकच मोठा लेख करून त्यात सगळं घातलं तर काय बिघडेल? वाचणाऱ्याला चार ठिकाणी फिरावं लागणार नाही.

लाइनाकाठ

नवी पाटी, प्रश्न चांगला आहे. मी बारा वर्षं हॅनोव्हर शहरात राहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एकाच लेखात घातलं की पहिल्याच परिच्छेदात खोटं लिहावं लागतं, ही खरी अडचण आहे. उदाहरण देते. ब्रिटनचा पहिला जॉर्ज 'हॅनोव्हरच्या राज्यातून' आला असं सर्रास लिहिलं जातं. १७१४ मध्ये हॅनोव्हरचं राज्य नव्हतंच. त्या प्रदेशाचं अधिकृत नाव ब्राउनश्वाइग-ल्युनेबुर्ग. १२३५ मध्ये वेल्फ घराण्यासाठी त्या नावाची डची, म्हणजे ड्यूकच्या अमलाखालचा मुलूख, निर्माण झाली आणि मग भावाभावांत वाटण्या होत राहिल्या. त्यातल्या कालेनबेर्ग या वाट्याच्या ड्यूकने १६३६ मध्ये आपलं ठाणं हॅनोव्हर शहरात हलवलं. १६९२ मध्ये एर्न्स्ट आउगुस्ट याला इलेक्टरचा मान मिळाला, म्हणजे पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट निवडणाऱ्या मोजक्या राज्यकर्त्यांपैकी तो एक झाला. लोक त्या इलेक्टोरेटला राजधानीच्या नावाने हॅनोव्हर म्हणू लागले, जसं आपण एखाद्या संस्थानाला त्याच्या गावाच्या नावाने ओळखायचो. १७०५ मध्ये त्सेले शहराची शाखा खुंटली आणि तो मुलूखही यांच्याकडे आला.

राज्य झालं ते १८१४ मध्ये, व्हिएन्ना परिषदेच्या वेळी. ते टिकलं ५२ वर्षं. पुढे १८६६ ते १९४६ हा प्रशियाचा प्रांत. १९४६ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश लष्करी प्रशासनाने त्याचं पुन्हा स्वतंत्र घटकराज्य केलं आणि १ नोव्हेंबरला ते ब्राउनश्वाइग, ओल्डेनबुर्ग आणि शाउम्बुर्ग-लिप्पे यांच्यासह लोअर सॅक्सनीत गेलं.

माझं मत: इलेक्टोरेट, राज्य आणि प्रांत असे तीन स्वतंत्र लेख. घराण्याचा वेगळा, शहराचा वेगळा. आणि 'हॅनोव्हर (निःसंदिग्धीकरण)' हे पान, म्हणजे एकाच नावाच्या सगळ्या लेखांची यादी, सगळ्यांत आधी.

आणखी एक. शेजारची ब्राउनश्वाइगची डची हे निराळं राज्य होतं, ते १९१८ पर्यंत त्याच्या ड्यूककडे होतं. नावं सारखी असल्यामुळे तिथे हमखास गल्लत होते. दोन्ही पानांच्या डोक्यावर सूचना द्यावी लागेल.

त्रिकोणमिती

शेवटच्या मुद्द्याला माझ्याकडून ताजं उदाहरण. गाउसचा जन्म १७७७ चा, ब्राउनश्वाइग शहरातला. आयुष्य गेलं गटिंगेनमध्ये. त्याला सरसकट 'हॅनोव्हरचे गणितज्ञ' या वर्गात टाकलं तर जन्म चुकतो, ब्राउनश्वाइगच्या वर्गात टाकलं तर सगळं काम चुकतं. त्यातही १८०७ मध्ये तो गटिंगेनला आला तेव्हा ते शहर नेपोलियनच्या भावाच्या, जेरोम बोनापार्टच्या वेस्टफालिया राज्यात गेलेलं होतं!

पण या राज्याशी गाउसचं नातं फार जवळचं आहे. १८२० च्या दशकात त्याने हॅनोव्हर राज्याची मोजणी हाती घेतली. स्वतः उन्हातान्हात टेकड्यांवर फिरून त्रिकोण आखले, लांबच्या टेकडीवर सूर्यप्रकाश परावर्तित करण्यासाठी हेलिओट्रोप नावाचं उपकरण बनवलं. माझ्याकडे जर्मनीची जुनी दहा मार्कांची नोट आहे, युरो येण्यापूर्वीची. पुढच्या बाजूला गाउस आणि त्याच्यामागे गटिंगेनच्या इमारती. मागच्या बाजूला सेक्स्टंटसारखं उपकरण, आणि उजवीकडे खाली त्याच त्रिकोणांच्या जाळ्याचा तुकडा. वर्गात त्रिकोणमिती सुरू करताना मी ती नोट मुलांच्या हातात फिरवतो. एका नोटेवर एका नाहीशा झालेल्या राज्याचा नकाशा आहे, हे मला आज या धाग्यामुळे कळलं.

दुसरा रीमान. जन्म १८२६, ब्रेझेलेन्झ हे हॅनोव्हरमधलं खेडं. १८६६ च्या जूनमध्ये प्रशिया आणि हॅनोव्हरच्या फौजा गटिंगेनच्या आसपास आल्या तेव्हा क्षयाने खंगलेला रीमान शहर सोडून इटलीला गेला, आणि २० जुलैला तिथेच वारला. तेव्हा त्याचं वय ३९. राज्य आणि माणूस एकाच उन्हाळ्यात गेले.

तेव्हा सूचना अशी: राज्याच्या लेखापेक्षा आधी या माणसांचे लेख घ्या. मराठी वाचक गाउस शोधत येतो, हॅनोव्हर शोधत येत नाही.

भूर्जपत्र

त्रिकोणमिती यांच्याशी सहमत. आपल्याकडे त्या दारातून येणारे आणखी आहेत.

गेओर्ग ब्यूलर हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात १८६३ पासून. जन्म १९ जुलै १८३७, बोर्श्टेल, हॅनोव्हरचं राज्य. आता ही तारीख नीट बघा. हॅनोव्हर आणि ब्रिटन यांचा राज्यकर्ता १७१४ पासून एकच होता. चौथा विल्यम २० जून १८३७ रोजी वारला आणि ही १२३ वर्षांची जोडी तुटली. कारण हॅनोव्हरमध्ये घराण्यात पुरुष वारस असेपर्यंत स्त्रीला गादी नव्हती. लंडनला व्हिक्टोरिया राणी झाली, हॅनोव्हरला तिचा काका एर्न्स्ट आउगुस्ट (१६९२ चा इलेक्टर नव्हे, त्याच नावाचा वंशज). ब्यूलर जन्मले तेव्हा या फारकतीला महिनाही झाला नव्हता. हाच मुलगा पुढे त्याच व्हिक्टोरियाच्या सरकारच्या नोकरीत मुंबईला आला.

ब्यूलर आणि कीलहॉर्न दोघे गटिंगेनला थिओडोर बेनफाय यांच्याकडे शिकलेले. दोघांनी मिळून मुंबई संस्कृत मालेला आकार दिला. आणि १८८५ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना गटिंगेनने सन्मान्य पीएच.डी. दिली. भांडारकरांवरच्या लेखांत ते 'जर्मनीतील विद्यापीठ' एवढंच येतं. तिथून गटिंगेन विद्यापीठाच्या लेखाला दुवा हवा आणि त्या लेखातून हॅनोव्हरच्या दुसऱ्या जॉर्जला, ज्याच्या काळात १७३७ मध्ये ते रीतसर सुरू झालं. आज तो धागा तुटलेला आहे.

याउलट मार्टिन हाउग, जे कीलहॉर्न यांच्या आधी पुण्यात होते, ते व्युर्टेम्बेर्गचे. मॅक्स म्युलर डेसाउचे, म्हणजे आनहाल्टचे. आपण सगळ्यांना 'जर्मन पंडित' म्हणतो. भाषेपुरतं ते खरं आहे, पण जन्मदेश म्हणून नाही.

लाइनाकाठ

भूर्जपत्र, तुमची माहिती मोलाची आहे. तरी एक गोष्ट कळकळीने सांगते. हॅनोव्हरचा इतिहास हा पुण्याच्या संस्कृत अभ्यासाची तळटीप व्हायला नको. ते राज्य स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं, त्याचे वाद, त्याची माणसं, त्याचे अन्याय यांच्यासकट.

माझ्या घरापासून मुख्य स्टेशन वीस मिनिटांवर आहे. स्टेशनसमोर एर्न्स्ट आउगुस्टचा घोड्यावरचा पुतळा आहे. चौथऱ्यावर कोरलंय, 'प्रजापालकास, त्याच्या एकनिष्ठ प्रजेकडून'. इथे कुणाला भेटायचं असलं की लोक 'शेपटीखाली भेटू' म्हणतात, म्हणजे त्या घोड्याच्या शेपटीखाली. मीही इतकी वर्षं तिथेच भेटते आहे. आता हा प्रजापालक कोण? गादीवर येताच ज्याने १८३३ ची राज्यघटना रद्द केली तो. नोव्हेंबर १८३७ मध्ये गटिंगेनच्या सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला: आम्ही त्या घटनेची शपथ घेतली आहे, ती मोडणार नाही. दालमान, आल्ब्रेख्ट, गेर्विनुस, एवाल्ड, वेबर, आणि याकोब व विल्हेल्म ग्रिम हे दोघे भाऊ. सातही जणांना बडतर्फ केलं. दालमान, गेर्विनुस आणि याकोब ग्रिम यांना तीन दिवसांत राज्य सोडायला लावलं.

गटिंगेनच्या स्टेशनसमोर २०१५ पासून अगदी तसाच चौथरा उभा आहे, फक्त वर घोडा नाही आणि राजाही नाही. खाली त्या सात जणांची नावं आहेत. दोन्ही स्टेशनं मी पुष्कळदा एकाच दिवशी बघते. राज्याच्या लेखात या दोन चौथऱ्यांचे फोटो शेजारी शेजारी लावावेत अशी माझी इच्छा आहे. फोटो मी काढून देईन.

सातांपैकी एवाल्ड प्राच्यविद्येचे पंडित. ते १८४८ मध्ये गटिंगेनला परतले आणि १८६७ मध्ये त्यांनी पुन्हा नकार दिला, या वेळी प्रशियाच्या राजाची शपथ घ्यायला. तीस वर्षांच्या अंतराने तोच माणूस त्याच गावात दुसऱ्यांदा नोकरीला मुकला. यावर स्वतंत्र लेख व्हायलाच हवा.

(ग्रिम बंधूंचा जन्म हानाउचा. ते हेसेमध्ये. हॅनोव्हर आणि हानाउ यांत गोंधळ करू नका, मी एका छापील पुस्तकात ही चूक पाहिली आहे.)

वाचनकोपरा

लाइनाकाठ ताई, पटलं. मग असं करू: माणसांचे लेख दारं म्हणून, आणि राज्याचा लेख घर म्हणून. दोन्ही कामं बरोबरच सुरू ठेवू.

आता नावांचं. जर्मन उच्चार 'हानोफर', मराठीत रुळलेलं 'हॅनोव्हर'. मी रुळलेलं ठेवावं आणि दुसरं पुनर्निर्देशित करावं म्हणतो. ब्यूलर यांचंही तसंच, बुल्हर, बूलर, ब्यूह्लर ही सगळी रूपं त्या एका पानाकडे वळवायची. राजांचं काय करायचं? जॉर्ज की गेओर्ग?

भूर्जपत्र

१८३७ पर्यंतचे जॉर्ज ब्रिटनचेही राजे होते, त्यांना जॉर्जच राहू द्या. त्यानंतरचा शेवटचा राजा मात्र 'गेओर्ग पाचवा' असाच लिहा, आणि कंसात 'हॅनोव्हर'. नाहीतर वाचक थेट गेटवे ऑफ इंडियावर पोहोचेल. १९११ मध्ये मुंबईला उतरलेला पंचम जॉर्ज वेगळा. हा गेओर्ग १८५१ ते १८६६ गादीवर होता, दृष्टिहीन होता, आणि परागंदा अवस्थेत १८७८ मध्ये पॅरिसला वारला.

खडू-फळा

वाचतो आहे. छान चाललंय. १८६६ च्या भागाला शीर्षक काय देणार? 'विलीनीकरण'?

लाइनाकाठ

'विलीनीकरण' नको. त्या शब्दात दोघांची संमती ऐकू येते. काय झालं ते पाहा. १४ जूनला जर्मन संघाच्या, म्हणजे जर्मन राज्यांच्या संघटनेच्या, सभेत हॅनोव्हरने प्रशियाविरुद्ध सैन्य उभं करण्याच्या बाजूने मत दिलं. १५ जूनला प्रशियाचा निर्वाणीचा खलिता आला, राजाने तो नाकारला, आणि दोन दिवसांत प्रशियाचं सैन्य राजधानीत शिरलं. हॅनोव्हरची फौज राजासह दक्षिणेकडे निघाली. २७ जूनला लांगेनझाल्झाला लढाई झाली, आणि ती हॅनोव्हरने जिंकली. पण चारी बाजूंनी प्रशियाच्या तुकड्या जमल्या होत्या, कुमक येणार नव्हती. २९ जूनला शरणागती. सप्टेंबरमध्ये प्रशियाने कायदा करून राज्य आपल्यात जोडून घेतलं. राजाने शेवटपर्यंत हक्क सोडला नाही. १८६८ मध्ये त्याची मालमत्ता जप्त केली आणि तिच्या उत्पन्नातून प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याने वर्तमानपत्रं आपल्या बाजूला वळवली.

लढाई जिंकून राज्य गमावलं. याला विलीनीकरण कसं म्हणायचं?

भूर्जपत्र

मराठीत यासाठी शब्द तयार आहे: खालसा. १८४८ मध्ये सातारा खालसा झालं, १८५४ मध्ये नागपूर खालसा झालं. तशी 'प्रशियाने हॅनोव्हर खालसा केलं'. राज्य काढून घेऊन सरकारच्या थेट अमलाखाली आणणं, हाच त्याचा अर्थ. ज्याचं गेलं त्याच्या मनाविरुद्ध, हेही त्यात आपोआप येतं.

वाचनकोपरा

खालसा म्हटलं की वाचकाला दत्तक वारस नामंजूर करणं आठवेल का? इथे तर मुलगा होता, वारस होता.

भूर्जपत्र

आठवेल, पण तो डलहौसीने दिलेल्या कारणाचा भाग. शब्द त्याहून खूप जुना, मोगलाई-पेशवाईच्या दप्तरांतला. शीर्षकात 'खालसा' ठेवा आणि कारण युद्धाचं होतं हे पहिल्या वाक्यात सांगून टाका.

लाइनाकाठ

इथे राहून या घटनेबद्दल मराठीत बोलताना मी नेहमी अडखळायचे. हा शब्द कधी सुचलाच नाही. माझं पूर्ण अनुमोदन.

त्रिकोणमिती

माझंही. विल्यम हर्शेलचा लेख माझ्याकडे द्या. जन्म १७३८, हॅनोव्हर शहर, म्हणजे इलेक्टोरेट. हॅनोव्हरच्या लष्करी वाद्यवृंदात वाजवणारा मुलगा इंग्लंडला गेला आणि १७८१ मध्ये त्याने युरेनस शोधला. ग्रहाला त्याने नाव दिलं तिसऱ्या जॉर्जचं, जो त्याच्या जन्मभूमीचाही इलेक्टर होता आणि ज्याने आयुष्यात एकदाही हॅनोव्हरमध्ये पाऊल ठेवलं नाही. बहीण कॅरोलिन १८२२ मध्ये परत हॅनोव्हरला आली आणि १८४८ मध्ये तिथेच गेली. भाऊ इलेक्टोरेटमध्ये जन्मला, बहीण राज्यात वारली. लाइनाकाठ म्हणतात तसे तीन लेख का हवेत ते इथे दिसतं.

खडू-फळा

एक भर. १७८२ पासून हॅनोव्हरच्या दोन पलटणी, १५वी आणि १६वी, ईस्ट इंडिया कंपनीच्या दिमतीला मद्रासकडे होत्या. १७८३ च्या कडलूरच्या लढाईत त्या होत्या. आपल्याकडे सालबाईचा तह झाला तेच दिवस. इलेक्टोरेटच्या लेखात 'लष्कर' या भागात हे यायला हवं. मी दोन परिच्छेद लिहून देतो.

लाइनाकाठ

खडू-फळा, जरूर. मूळ कागदांबद्दल एक लक्षात ठेवा. इथल्या राज्य दप्तरखान्यावर ९ ऑक्टोबर १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात आग पडली, आणि उरलेल्यातलं बरंच १९४६ च्या फेब्रुवारीत लाइना नदीच्या पुरात भिजलं. म्हणून १९४३ आधीच्या अभ्यासकांनी जे उतरवून छापलं तेच काही बाबतींत आता मूळ कागदाच्या जागी आहे. जुनं पुस्तक म्हणून बाजूला टाकू नका.

आणि कामाच्या आकाराने कुणी दबून जाऊ नका. लायब्निझसारखा तत्त्वज्ञ आणि गणिती १६७६ पासून १७१६ मध्ये मरेपर्यंत या दरबाराच्या पदरी होता. वेल्फ घराण्याचा इतिहास लिहायचं काम त्याच्याकडे होतं. तो १००५ सालापर्यंतच पोहोचला. पण जेवढं लिहिलं तेवढं त्याने कागद पाहून लिहिलं, आणि आपणही तसंच करू.

वाचनकोपरा

आज निःसंदिग्धीकरणाचं पान केलं. कीलहॉर्न यांची चौकट अशी झाली आहे:

जन्म: ३१ मे १८४०, ओस्नाब्रुक, हॅनोव्हरचं राज्य (आज लोअर सॅक्सनी, जर्मनी)
मृत्यू: १९ मार्च १९०८, गटिंगेन, हॅनोव्हर प्रांत, प्रशिया, जर्मन साम्राज्य

दुसरी ओळ लांब आहे, पण त्यातला एकही शब्द काढावासा वाटत नाही. चर्चापानावर ज्यांनी तो प्रश्न विचारला होता त्यांचे तिथेच आभार मानले.

नवी पाटी

सगळं वाचलं. मी लांगेनझाल्झाच्या लढाईचा लेख घेऊ का? पहिलं वाक्य असं लिहिलं आहे: "लांगेनझाल्झाची लढाई ही २७ जून १८६६ रोजी हॅनोव्हरच्या राज्यातील लांगेनझाल्झा येथे हॅनोव्हर आणि प्रशिया यांच्यात झालेली लढाई होती."

लाइनाकाठ

घ्याच. फक्त एक दुरुस्ती: लांगेनझाल्झा हॅनोव्हरमध्ये नव्हतं. ते थुरिंगियातलं गाव, तेव्हा प्रशियाच्याच सॅक्सनी प्रांतात. हॅनोव्हरची फौज दक्षिणेला मित्रसैन्याला मिळायला निघाली होती आणि शत्रूच्या मुलखात अडवली गेली. हे कळलं की दोन दिवसांत शरणागती का पत्करावी लागली तेही कळतं.

नवी पाटी

दुरुस्त केलं: "... प्रशियाच्या सॅक्सनी प्रांतातील लांगेनझाल्झा येथे". नकाशा शोधते आणि रविवारपर्यंत बाकीचा मसुदा इथे टाकते.